गुरुवारची यादी

आल्विन पास्कोने चित्र आठपट मोठे केले, तेव्हा टेबलाच्या कडेचे लाकूड चौकोनी ठिपक्यांत फुटले. तो एक पायरी मागे आला. सहापट. आता सारे पुन्हा ओळखू येऊ लागले: विमानाची गोल कोपऱ्यांची खिडकी, तिच्यातून आत आलेला पांढराफेक उजेड, घडीचे टेबल, टेबलावर करड्या रंगाची एक फाइल, आणि फाइलीतून अर्धे बाहेर डोकावणारे एक कार्ड.

त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा चढवला. कार्ड जागेवरच होते. वरच्या कोपऱ्यात काळसर डाग, म्हणजे कंपनीचे बोधचिन्ह असणार. त्याखाली आकड्यांची वाटावी अशी एक पुसट ओळ, म्हणजे दूरध्वनी क्रमांक.

"सापडलीस, डोरी," तो अगदी हळू म्हणाला.

गुरुवार होता आणि सकाळचे सहा वाजून अडतीस मिनिटे झाली होती. खिडकीबाहेर एसेंडनच्या विमानतळावर अजून दिवे जळत होते. धावपट्टीच्या पलीकडे, सरळ रेषेत चारशे मीटरवर, निळे हँगर होते. आल्विनचे टेबल पूर्वी भिंतीकडे तोंड करून असे. दोन वर्षांपूर्वी, डोरिआना व्हासालो नोकरी सोडून त्या निळ्या हँगरमध्ये गेली, त्यानंतरच्या आठवड्यात त्याने ते खिडकीकडे वळवून घेतले. कारण विचारले तेव्हा त्याने उजेडाचे नाव सांगितले होते.

भाड्याने खासगी विमाने देणाऱ्या कंपन्यांचे खरे गिऱ्हाईक प्रवासी नसतो, दलाल असतो. पैसेवाला माणूस आपल्या दलालाला फोन करतो, दलाल दहा कंपन्यांच्या याद्या चाळतो आणि विमान ठरवतो. म्हणून जाहिरात करायची ती दलालांच्या नजरेसाठी. ती करताना एक पथ्य सगळे पाळतात. प्रवाशाला कंपनीचे नाव कुठेही दिसता कामा नये. चित्रातल्या विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक पुसून टाकायचा, नाव भरलेली उशी उलटी ठेवायची, कपावरचे चिन्ह भिंतीकडे वळवायचे. कारण तेच चित्र दलाल पुढे स्वतःच्या नावाने गिऱ्हाइकाला दाखवणार असतो. प्रवाशाच्या टेबलावर आपले कार्ड ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणे. तसे करताना पकडली गेलेली कंपनी पुन्हा उभी राहिल्याचे आल्विनने एकतीस वर्षांत पाहिले नव्हते.

आणि इथे तर कार्ड जाहिरातीच्या चित्रातच होते. दोनशे दलालांना पाठवलेल्या.

आल्विन मूळचा विमानातली उपकरणे दुरुस्त करणारा. तंत्रविद्यालयातून तो ते शिकून आला होता, आणि डाव्या कानाने साथ सोडल्यावर हँगरमधून विक्रीच्या टेबलावर आला, तेव्हा हाताची शिस्त बरोबर घेऊन आला. दर गुरुवारी सकाळी बरोबर सात वाजता त्याची यादी निघे: पुढच्या आठवड्यात कोणते विमान कुठून कुठे रिकामे परतणार आहे, किती आसने, काय दर. आठ रकाने, एकोणीस वर्षे, एकही नोंद चुकीची नाही. डोरिआनाच्या यादीत रकानेच नव्हते. तिची यादी निघे साडेसहाला. आपल्या आधी अर्धा तास. हा अर्धा तास तिने मुद्दाम निवडला आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मागचे दार उघडले आणि तेविता आत आला. उड्डाणांचे वेळापत्रक सांभाळणारा हा फिजीचा अगडबंब माणूस चालता चालता फोनकडे बघून हसत होता. त्याच्या हसण्याने कपाटाच्या काचा थरथरत.

"आल्विन, हे ऐक. ॲडलेडच्या त्या दलालानं पाठवलंय मला. 'शुक्रवारी दुपारी होबार्टहून एसेंडनला रिकामे येत आहोत. आठ खुर्च्या. मागे सामानाला एवढी जागा, की बाईसाहेबांची शर्यतीची टोपी पेटीतून न काढता येईल, आणि बाईसाहेब रुसल्या तर त्यांनाही तिथेच बसवता येईल. वैमानिक फारसा बोलत नाही. सहवैमानिक थांबत नाही. पसंत तुमची.'" तेविता डोळे पुसत म्हणाला, "पोरगी वात्रट आहे बघ. तू वाचलीस का?"

"मला कशी येईल? मी काय दलाल आहे?"

"अरे हो. तेही खरंच."

आल्विनने पडद्यावरचे चित्र झाकले. यादी त्याला दर गुरुवारी येत होती, पण त्याच्या नावाने नव्हे. डोरिआनाने निळ्या हँगरमधून पहिली यादी काढली, तेव्हा ती आपल्यालाही येईल अशी त्याची समजूत होती. सात वर्षे ती याच खोलीत, त्या समोरच्या खुर्चीवर बसत होती. रकाने कसे आखायचे, दर कुठे लिहायचा, शेपटीवरचा क्रमांक कसा पुसायचा, सारे त्याच्याकडून शिकली होती. त्याने तीन गुरुवार वाट पाहिली. चौथ्या गुरुवारी बॅलरॅट गावात राहणारा मॉर्टिमर टेबट नावाचा एक दलाल जन्माला घातला, त्याच्यासाठी ईमेलचा पत्ता काढला आणि यादीत नाव घालण्याची नम्र विनंती केली. टेबटसाहेबांना दुसऱ्याच दिवशी स्वागताचे दोन शब्द आले. ते इतके आपुलकीचे होते, की वाचून आल्विनला दिवसभर जेवण गेले नाही.

पण आजचा गुरुवार निराळा होता. नोव्हेंबरात घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा भरतो. सारे शहर त्याला नुसते 'कप' म्हणते. त्या आठवड्यात सिडनीची रोझलिंड क्वेफ जेवढी विमाने भाड्याने घेते, तेवढी इतर दलाल सहा महिन्यांत घेत नाहीत. आणि ती सगळी एकाच कंपनीकडून घेते. सलग नऊ वर्षे तिने ती आल्विनकडून घेतली होती. यंदाचा निर्णय ती उद्या, शुक्रवारी, कळवणार होती. आणि मागच्या महिन्यात सिडनीच्या भोजनसमारंभात आल्विनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, की रोझलिंड डोरिआनाच्या खांद्यावर हात ठेवून तिची यादी शेजारच्या टेबलाला तोंडपाठ म्हणून दाखवते आहे. त्याच्या यादीतली ओळ आजवर कोणी पाठ केली नव्हती. पाठ करण्यासारखे तिच्यात काही नव्हतेच. फक्त ती चूक नसे.

सात वाजता त्याने आपली यादी पाठवली. सव्वासात वाजता कोट घालून तो फाटकाजवळच्या कॉफीच्या गाडीकडे निघाला.

डोरिआना तिथे होतीच. निळे जाकीट, ओले केस, बगलेत तीच करडी फाइल.

"काय बॉस, आज दोन मिनिटं उशीर? तब्येत बरी आहे ना? मी विमानतळाचं घड्याळ तुमच्यावर लावते."

"कामात होतो."

"यादी आली तुमची. छान आहे. वाचता वाचता वाटलं, खाली फलाट क्रमांकही दिला असेल."

"लोकांना माहिती हवी असते, डोरी. विनोद नको असतो."

"लोकांना दोन्ही हवं असतं. पहिलं मी तुमच्याकडून चोरलं, दुसरं माझ्या मामाकडून." तिने कॉफीचा घोट घेतला. "मला अजून काढलं नाहीत तुम्ही यादीतून. विसरलात वाटतं."

"मी विसरत नाही."

"ते ठाऊक आहे मला."

वारा बोचरा होता. गाडीवाल्याने आल्विनची कॉफी न विचारताच पुढे केली. आल्विनने साखर घातली आणि ढवळत राहिला, ती विरघळून गेल्यावरही.

"तू मात्र तुझी यादी मला पाठवत नाहीस," तो म्हणाला. हे बोलायचे त्याने ठरवले नव्हते.

"कशी पाठवू? यादी जाते ती दलालांना, स्पर्धकाला नाही. कोणी शिकवलं? इथंच उभं राहून, याच गाडीपाशी. तेव्हा माझ्या हातात तुमचीसुद्धा कॉफी असायची." ती हसली आणि जाकिटाच्या खिशातून कागदाची पुडी काढून तिने त्याच्या हातात कोंबली. "घ्या. आईनं पास्तिझी केल्या होत्या. रिकोटा चीजच्या आमच्या वैमानिकांनी संपवल्या. वाटाण्याच्या दोन तुमच्यासाठी लपवून ठेवल्यात. गरम आहेत, लगेच खा."

सारण भरलेल्या त्या खुसखुशीत करंज्यांची ऊब पुडीतून त्याच्या तळव्याला लागली. आता सांगता आले असते. बोलायचे ते फार नव्हते: चित्रातले कार्ड काढ, दुसरे चित्र पाठव, सिडनीची कचेरी आठला उघडते. त्याने घड्याळ पाहिले. सात वाजून तेवीस मिनिटे. अजून सदतीस मिनिटे होती.

"कपचं काय?" त्याने विचारले. "रोझलिंड काही बोलली का?"

"मला?" डोरिआनाने फाइल एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली आणि धावपट्टीकडे पाहिले. "मला कशाला काही बोलेल ती?"

एवढे त्याला पुरेसे झाले. नजर चुकवणारे माणूस काहीतरी लपवत असते, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. त्याने पुडी कोटाच्या खिशात टाकली, मान हलवून निरोप घेतला आणि परतला. मागून ती ओरडली, "गरम आहेत म्हटलं! तुम्ही त्या दुपारी खाणार, आणि मग माझ्या आईला नावं ठेवणार!"

आठ वाजून पाच मिनिटांनी त्याने सिडनीला फोन लावला.

"आल्विन?" रोझलिंडचा आवाज नेहमीसारखा, एका हाताने दुसरे काही करत असल्यासारखा. "गुरुवारी तू फोन करत नाहीस. गुरुवारी तू यादी पाठवतोस. कोण गेलं?"

"कोणी नाही. एक गोष्ट नजरेस आली. म्हटलं, तुझ्या कानावर घालावी."

"घाल."

"निळ्या हँगरची आजची यादी. खाली आतल्या बाजूचं चित्र आहे. खिडकीजवळच्या टेबलावर बघ. फाइलीत कार्ड आहे. क्रमांकासकट. प्रवासी बसतो तिथे." तो थांबला. वाक्ये त्याने कागदावर लिहून घेतली होती, आणि आता पुढचे वाचले. "माझा काही स्वार्थ नाही. पण पथ्य ते पथ्य. उद्या तुझ्या गिऱ्हाइकांनी परस्पर त्यांना फोन केला, तर आल्विनला दिसलं होतं आणि तो बोलला नाही, असं व्हायला नको."

पलीकडे कळांचा टकटकाट झाला. मग तोही थांबला.

"कार्ड आहे खरं," रोझलिंड म्हणाली. "तुला कुठे मिळालं हे चित्र?"

"कुणीतरी पाठवलं."

"कुणीतरी."

"हो."

"बरं. बघते मी."

तिने फोन ठेवला. आल्विनने कागदाच्या चार घड्या केल्या, आणि टोपलीत न टाकता खिशात ठेवला. तिथे हाताला पुडी लागली. तिच्यातून तूप कागदावर फुटले होते. त्याने ती टेबलाच्या खालच्या खणात ठेवली.

तो दिवस त्याने कामात घालवला. परतीच्या फेऱ्यांची कोष्टके तपासली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. दुपारी तीनच्या सुमारास निळ्या हँगरच्या दारात निळे जाकीट दिसले. ती कानाला फोन लावून उभी होती. एरवी फोनवर बोलताना ती येरझाऱ्या घाली. तिच्या येरझाऱ्यांनी इथली सतरंजी एका पट्ट्यात विरली होती आणि तो पट्टा अजून तसाच होता. आज ती हलत नव्हती. चारशे मीटरवरून चेहरा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही आल्विन ती आत जाईपर्यंत बघत राहिला. छातीत काहीतरी सैल झाल्यासारखे वाटले, आणि तो आनंदच असावा असे त्याने ठरवून टाकले.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला.

"माझ्याकडे त्या चित्राची मूळ प्रत आहे," रोझलिंडने नमस्कार न करताच सुरुवात केली. "माझ्या पुस्तिकेसाठी तिनं गेल्याच आठवड्यात पाठवली होती. यादीतलं चित्र बारीक असतं, त्यात काही वाचता येत नाही. मूळ प्रत काल मोठी केली. अक्षर न् अक्षर वाचलं."

"मग?"

"कार्ड तुझं आहे."

आल्विनने फोन उजव्या कानावर नीट दाबला.

"आहेस ना? तुझं नाव आहे. विक्री विभाग. तुमचा तो जुना पक्षी, नवं चिन्ह यायच्या आधीचा. आणि तो जुना क्रमांक, जो आता लागत नाही. तर मला सांग, दुसऱ्याच्या विमानात, प्रवाशाच्या टेबलावर, तुझं कार्ड काय करतंय?"

"मला... मला ठाऊक नाही."

"मलाही नव्हतं. म्हणून दोन तास मी तुझ्यावर संशय घेऊन बसले होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, हा माणूस लोकांच्या विमानांत आपली कार्डं पेरत हिंडतो की काय? आणि वर मलाच फोन करतो? मग तुझा फोन आल्याचं सांगून तिलाच विचारलं."

"काय म्हणाली?"

"आधी काही बोललीच नाही. डोरिआना आणि गप्प! मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, फाइल माझी, कार्डही माझं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी दिलेलं. चित्र काढताना फाइल टेबलावर राहिली, चूक माझी, नवं चित्र पाठवते. मागे काहीतरी लिहिलंय म्हणे तू. काय लिहिलं होतंस?"

"आठवत नाही," आल्विन म्हणाला.

"असो. कप तुझ्याकडेच आहे."

आल्विनने पेन उचलले आणि तसेच खाली ठेवले.

"ते ऑगस्टातच नक्की झालं होतं. दोघांनाही विचारावं म्हणून आधी तिला फोन केला, तर म्हणाली, आमचं मोठं विमान नोव्हेंबरभर तपासणीला उभं राहणार. आणि नसतं राहिलं तरी कप आल्विनला द्या, त्यांचं मिनिट चुकत नाही. कुणाला सांगू नका म्हणाली, त्यांना तुमच्याच तोंडून कळू दे. मी दर वर्षी शुक्रवारी सांगते, म्हणून आज सांगते."

"आभारी आहे, रोझलिंड."

"आणखी एक. तिनं मला एकच प्रश्न विचारला. ते चित्र त्यांनी पाहिलं कुठे?"

"तू काय सांगितलंस?"

"तू मला सांगितलंस तेच. कुणीतरी पाठवलं." रोझलिंडच्या आवाजात आता दुसरे कोणतेही काम चालू नव्हते. "कागद सोमवारी पाठवते. सही करून दे."

तेविताला बातमी कळली तेव्हा त्याने आल्विनला खुर्चीसकट उचलण्याचा प्रयत्न केला. "दहावं वर्ष! आता बिअर तुझ्याकडून! आणि त्या निळ्या पोरीलाही बोलाव, तोंड कसं होतं बघू!"

"आज नको," आल्विन म्हणाला. "मला कोष्टकं करायची आहेत."

तेविता गेल्यावर त्याने खालचा खण उघडला. पुडीचा कागद सगळा तेलकट झाला होता. तिच्यामागे, अगदी तळाशी, जुन्या कार्डांचा खोका होता. फेकण्याजोगे काहीही तो फेकत नसे. त्याने एक कार्ड काढून खिडकीशी धरले. उजेडात त्याचा पिवळसर रंग पांढरा झाला आणि कोपऱ्यातला पक्षी एका काळसर डागासारखा दिसू लागला.

त्याने ते उलटे केले. मागची बाजू कोरी होती.

काय लिहिले होते ते त्याला अक्षरशः आठवत होते. पहिल्याच दिवशी, दुपारच्या आत, त्या पोरीने दुसऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीत न पुसलेला शेपटीचा क्रमांक शोधून काढला होता आणि ती जाहिरात सगळ्या कचेरीत हसत हसत नाचवली होती. सगळे हसले होते. आल्विनने तिला जवळ बोलावले, कार्डाच्या मागे एक ओळ लिहून तिच्या हातात दिली आणि फोन तिच्यापुढे सरकवला. चूक ज्याची, फोन आधी त्याला. तिने फोन केला होता. पलीकडच्या माणसाने आभार मानले तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली होती.

पास्तिझी त्याने उभ्याउभ्याच खाल्ल्या. दोन्ही. कालच्या, गार, चिवट. कागदावरचा चुरासुद्धा बोटाने टिपून घेतला.

जेवणाच्या सुटीत तो बाहेर पडला आणि निळ्या हँगरच्या दिशेने चालू लागला. विमानतळाच्या आतून जायचे तर परवाना लागतो, म्हणून कुंपणाबाहेरच्या रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. अकरा मिनिटांची वाट. सातव्या मिनिटाला तो थांबला. सांगायचे काय, हे त्याने लिहून घेतले नव्हते. खिशात फक्त कालचा कागद होता. थोडा वेळ एका विमानाचे उतरणे पाहिल्यासारखे करून तो आला तसा परतला.

सोमवारी कॉफीच्या गाडीपाशी डोरिआना नव्हती. मंगळवारी नव्हती. बुधवारी गाडीवाला आपण होऊनच म्हणाला, "ती हल्ली लवकर येऊन जाते. तुमच्या आधी."

गुरुवारी आल्विन सहा वाजताच टेबलाशी बसला होता. साडेसहा झाले. टेबटसाहेबांच्या पेटीत काही आले नाही. सहा पस्तीस. सहा चाळीस. त्याने पेटी बंद करून पुन्हा उघडली. रिकामीच. मग, यादी पाठवण्यासाठी म्हणून, त्याने आपल्या कचेरीची पेटी उघडली.

सगळ्यात वर तिची यादी होती. सहा वाजून तीस मिनिटे. पत्ता नीट लिहिलेला: श्री. आल्विन पास्को, विक्री विभाग. आत त्याच्यासाठी म्हणून वेगळा शब्द एकही नव्हता. ॲलिस स्प्रिंग्जहून येणारी एक रिकामी फेरी होती, दुसरी लाँसेस्टनची. एक बोकड, एक वकील आणि दोघांतला कोण अधिक शांत बसला याचा किस्सा होता. खाली चित्र. तीच गोल कोपऱ्यांची खिडकी, तोच पांढरा उजेड, तेच घडीचे टेबल.

टेबलावर काही नव्हते. फाइल नाही, कार्ड नाही, कप नाही. पुसून लख्ख केलेले लाकूड तेवढे.

त्याने चित्र दुप्पट केले, चौपट केले, सहापट केले. आठपट केल्यावर लाकडाचे चौकोनी ठिपके झाले. त्या ठिपक्यांवरून त्याने डावीकडून उजवीकडे, ओळीने, नजर फिरवली.

दार उघडले. तेविता फोनकडे बघत, खांदे हलवत आत येत होता.

"आल्विन, या बोकडाचं ऐक," तो म्हणाला आणि लगेच कपाळाला हात लावला. "हां, तुला ती यादी येत नाही, नाही का. थांब, वाचून दाखवतो."

"राहू दे," आल्विन म्हणाला. त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. "मला येते आता."